जुन्या आर्केड शूटर्ससाठी जॉयस्टिक कोणती? क्लबहाउसच्या कॅबिनेटसाठी सल्ला हवा

चरईकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही काही जण मिळून एक आर्केड कॅबिनेट उभं करतोय. आतला संगणक, मेम (जुने आर्केड गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर), स्पीकर, उभा बसवलेला मॉनिटर, सगळं झालं. घोडं अडलंय ते कंट्रोल पॅनेलवर. गटातल्या दोघांचं म्हणणं, बाजारात स्वस्तात मिळेल ती जॉयस्टिक लावून टाकू, चार दिशा चालल्या म्हणजे झालं. मला हे मुळीच मान्य नाही. शूटरमध्ये दांडा हा गेमचाच भाग असतो आणि दांडा बदलला की गेम बदलतो, असं माझं ठाम मत आहे.

जरा मागे जाऊन बघा. १९७८ साली स्पेस इन्व्हेडर्स आला तेव्हा मिडवेच्या अमेरिकन कॅबिनेटवर दांडाच नव्हता. डावं, उजवं आणि गोळी, सगळी बटणंच. पुढच्या वर्षी अटारीच्या ॲस्टेरॉइड्सला पाच बटणं होती: दोन यान फिरवायला, एक पुढे ढकलायला, एक गोळीला आणि एक हायपरस्पेसला, म्हणजे यान एकदम दुसरीकडे उडी मारायला. नामकोच्या गॅलॅक्सियनला (१९७९) आणि गॅलागाला (१९८१) दांडा मिळाला, पण तो फक्त डावीकडे-उजवीकडे हलणारा. मिसाइल कमांडला (१९८०) ट्रॅकबॉल, टेम्पेस्टला (१९८१) गोल फिरणारी मूठ. खेळणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, हे ठरवूनच शत्रूंचा वेग बेतलेला असायचा.

गॅलागाचंच घ्या. तुमच्या एका विमानाच्या दोनच गोळ्या एका वेळी पडद्यावर असू शकतात. दोन्ही चुकल्या तर त्या पडद्याबाहेर जाईपर्यंत बटण कितीही बडवा, तिसरी सुटत नाही. त्यामुळे या गेममध्ये बटणाच्या वेगाला फारशी किंमत नाही. झेपावणाऱ्या शत्रूच्या बरोबर खाली येऊन थांबायचं, गोळी टाकायची आणि त्याच क्षणी उलट दिशेला निघायचं. हे थांबणं आणि उलटणं सगळं दांड्यावर. दांडा ढिला असेल तर विमान हवं तिथून बोटभर पुढे जाऊन थांबतं, दोन्ही गोळ्या वाया जातात आणि वरून येणारा डोक्यावर आदळतो.

तर प्रश्न असा. आम्हाला गॅलागा, १९४२, ग्रेडियस, रेडेन आणि शक्य झालं तर डोडोनपाची असं सगळं खेळायचंय. पॅनेल एक. जपानी सान्वा, सेइमित्सु, की अमेरिकन धाटणीची जाड मुठीची हॅप? ज्यांनी हात लावून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

---

कोपरीचा कारागीर

चरईकर, तुमच्या मताशी सहमत. नव्वदच्या दशकात मी ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या पार्लरची मशीनं दुरुस्त करायचो, म्हणून लिहितो.

पार्लरवाले कॅबिनेट तेच ठेवायचे आणि आतला बोर्ड बदलायचे. हे जमायचं जामामुळे. जपानच्या आर्केड मशीन उत्पादकांच्या या संघटनेनं १९८५ च्या सुमारास ५६ पिनांचा कनेक्टर ठरवून दिला आणि मग कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कॅबिनेटात बसायला लागला. या कनेक्टरवर एका दांड्याच्या वाट्याला चारच तारा येतात. स्विच दाबला गेला की त्याची तार ग्राउंडला जुळते, बोर्डाला एवढंच समजतं. तिरकी दिशा म्हणजे शेजारचे दोन स्विच एकदम. तुम्ही दांडा हळूच कलवला की जीव खाऊन रेटला, बोर्डाला दोन्ही सारखंच.

म्हणजे फरक पडतो तो सगळा यंत्रात. मध्यापासून किती सरकल्यावर स्विच लागतो, लागल्यावर पुढे किती जागा शिल्लक राहते, आणि हात सैल सोडला की स्प्रिंग दांड्याला किती झटकन मध्यावर आणते. पार्लरमधली पोरं "अंकल, राइट अडकतंय" म्हणून ओरडायची. उघडून बघावं तर स्विच बहुतेक वेळा ठणठणीत असायचा. स्प्रिंग बसलेली असायची, नाहीतर दांड्याच्या तळाचा, स्विच दाबणारा प्लास्टिकचा ॲक्चुएटर झिजलेला. मग दांडा मध्यावर परतायला वेळ लावायचा, उजवीकडचा स्विच तेवढा जास्त वेळ दाबलेला राहायचा आणि विमान घसरत जायचं.

आणखी एक. मालक लोक बोर्ड बदलायचे, पॅनेल कधीच नाही. मारामारीच्या गेमसाठी लावलेल्या दांड्यावरच १९४२ चालायचा. मुस्तफासारखा मारामारीचा गेम खेळून खेळून सैल झालेल्या दांड्यावर शूटर लावला तर कोण टिकणार? त्या मशीनसमोर रांग लागायची नाही आणि मालक म्हणायचा, गेम चालत नाही, बदला.

---

नेरुळची वैमानिक

अतिशय जिव्हाळ्याचा विषय! मी गेली बरीच वर्षं बुलेट हेल, म्हणजे पडदाभर गोळ्या येणारे शूटर, खेळते, घरी स्वतः जुळवलेली स्टिक आहे. कारागीर काकांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतली तिसरी, म्हणजे मध्यावर परत येणं, ही शूटरसाठी सगळ्यात मोठी. का ते सविस्तर सांगते.

हे गेम साधारण सेकंदाला साठ फ्रेम चालतात, म्हणजे एक फ्रेम सोळा-सतरा मिलिसेकंदांची. बोर्ड दर फ्रेमला स्विच बघतो. समजा विमान एका फ्रेमला चार पिक्सेल सरकतं. दोन गोळ्यांच्या फटीत शिरायला तुम्हाला आठ पिक्सेल हवेत, म्हणजे स्विच दोनच फ्रेम दाबलेला हवा. इतक्या कमी वेळासाठी दांडा धरून नेता येत नाही, टिचकीच मारावी लागते. टिचकीत तुम्ही फक्त जायचं काम करता, परत आणायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग मऊ आणि चाल लांब असेल तर दोनाच्या चार फ्रेम होतात, विमान सोळा पिक्सेल जातं आणि पलीकडच्या गोळीवर आपटतं. तुम्हाला वाटतं, माझा अंदाज चुकला. अंदाज बरोबर असतो.

म्हणून जपानमध्ये शूटर खेळणाऱ्यांत सेइमित्सुच्या एलएस-३२ ला इतका मान आहे. स्विच लवकर लागतो, स्प्रिंग कडक, चाल आखूड. सान्वाची जेएलएफ उत्तम जॉयस्टिक आहे, जगभर मारामारीच्या गेमवाल्यांची आवडती, पण तिची स्प्रिंग मऊ आणि मध्यावरची मोकळी जागा जास्त. स्ट्रीट फायटरमध्ये दांडा गोल फिरवायचा असतो, तिथे ते सोयीचं. शूटरमध्ये मला ते हाताला जाणवतं.

मूठ कशी धरता यानंही फरक पडतो. ३५ मिलिमीटरचा गोळा असेल तर बोटांच्या पेरांनी धरा, तळहात पॅनेलला टेकवा. अख्ख्या मनगटानं ओढलंत तर कुठलीच जॉयस्टिक मदतीला येणार नाही.

---

कळव्याचा बाळ्या

वाचतोय. एक शंका. मी पीसीवर गेमपॅडनं खेळतो. पॅडवरची दिशांची फुली तर जवळजवळ हलतच नाही, म्हणजे चाल सगळ्यात आखूड. मग ताईंच्या हिशेबानं पॅडच सगळ्यात भारी नाही का? दांड्याची एवढी खटपट कशाला?

---

नेरुळची वैमानिक

बाळ्या, शंका रास्त आहे. पॅडवर मोठमोठे स्कोअर करणारे लोक आहेत, पॅड कमी दर्जाचा असं मी कधीच म्हणणार नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एका अंगठ्यानं डावीकडून एकदम वर-उजवीकडे जाताना अंगठा फुलीच्या मध्यावर क्षणभर रेंगाळतो. आणि अर्ध्या तासाचा गेम असेल तर सगळा ताण त्याच एका सांध्यावर येतो. दांड्याला बोटं, मनगट, कोपर वाटून घेतात.

शिवाय हे कॅबिनेट क्लबहाउसमधलं आहे. तिथे आजोबाही खेळणार आणि सातवीतली मुलंही. उभं राहून, समोरच्या पडद्यात बघत, दोघांनी शेजारी शेजारी खेळायचं तर दांडाच हवा.

---

वर्तकनगर गल्ली

सगळी चर्चा आठ दिशांच्या दांड्यावर चाललीय, म्हणून थोडं वेगळं मांडतो. माझ्या मते विल्यम्स कंपनीनं १९८१-८२ मध्ये या बाबतीत जे केलं तेवढं धाडस नंतर कुणी केलं नाही.

यूजीन जार्विसचा डिफेंडर (१९८१). दांडा फक्त वर-खाली. पुढे जायला थ्रस्टचं बटण, तोंड फिरवायला रिव्हर्सचं बटण, मग गोळी, स्मार्ट बॉम्ब, हायपरस्पेस. डाव्या हाताला उंची, उजव्या हाताला वेग आणि शस्त्रं. पहिल्यांदा खेळणारा मिनिटभरात मरतो. पण एकदा हातात बसलं की यान पुढे धावत असताना तोंड उलट करून मागून येणाऱ्यावर गोळ्या झाडता येतात, आणि वेग हळूहळू ओसरत दिशा बदलते. आता मेममध्ये लोक काय करतात, डावं-उजवं दांड्यावर जोडतात आणि थ्रस्ट-रिव्हर्स आपोआप होऊ देतात. खेळायला सोपं होतं, कबूल. पण तोंड एकीकडे आणि वेग दुसरीकडे, हा जो डिफेंडरचा प्राण आहे तो त्यात जातो. असा खेळलेला डिफेंडर मी डिफेंडर मानत नाही.

मग १९८२ चा रोबोट्रॉन: २०८४, जार्विस आणि लॅरी डीमार यांचा. दोन दांडे, एकानं चालायचं, दुसऱ्यानं गोळ्या. बटण एकही नाही. त्याआधीच्या बर्झर्कमध्ये (१९८०) एकाच दांड्यानं चालणं आणि नेम दोन्ही, गोळी मारायची तर पाय थांबायचे. अपघातात जार्विसचा हात जायबंदी झाला होता, बटण दाबणं अवघड होतं, त्यातून दोन दांड्यांची कल्पना पुढे आली असं त्यानं स्वतः सांगितलंय. एकदा चालणं आणि नेम वेगळे झाले की चहूबाजूंनी शत्रू सोडायला मोकळीक मिळाली, त्याशिवाय ती गर्दी कुणालाच झेपली नसती. आणि दोन्ही दांडे एकाच पॅनेलला घट्ट बसलेले हवेत, कारण दोन्ही हात कामात असताना आधाराला तिसरा हात नसतो. अटारी ५२०० वर हा गेम आला तेव्हा सोबत दोन कंट्रोलर अडकवायला धारक द्यावा लागला होता.

चरईकर, तुमच्या पॅनेलवर दोन खेळाडूंचे दोन दांडे असणारच. ते नेहमीपेक्षा थोडे जवळ घ्या म्हणजे एकट्याला रोबोट्रॉन खेळता येईल. कळकळीची विनंती आहे.

---

घणसोली ४९

वर्तकनगर यांना मनापासून +१. विल्यम्सच्याच सिनिस्टारचं नाव राहिलं. त्याला ४९ स्थानांची ऑप्टिकल जॉयस्टिक होती, आडव्या सात पायऱ्या आणि उभ्या सात. किती कलवलं हेही गेमला समजायचं. साध्या आठ दिशांच्या दांड्यावर तोच गेम खेळलात तर हळू सरकणं असं काही उरतच नाही.

एसएनकेचा इकारी वॉरियर्स (१९८६) वेगळ्या कारणानं तसाच अडतो. दांडा आठ दिशांना हलायचा आणि वरची मूठ बारा घरांत फिरायची, म्हणजे चालायचं एकीकडे आणि बंदूक दुसरीकडे. साधा दांडा लावला की अर्धा गेम गेला. हे दोन्ही तुमच्या यादीत नकोत.

---

चरईकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. रोबोट्रॉनसाठी आमचा मॉनिटर आडवा करावा लागेल, तशी सोय करतो.

आता गेटचं सांगा, म्हणजे दांडा कुठवर हलेल ते ठरवणाऱ्या तळाच्या चौकटीचं. जपानी दांड्यांखाली चौकोनी गेट येतो, अष्टकोनी वेगळा मिळतो. गटातल्या एकाला अष्टकोनीच हवाय, "आठही दिशांना खाच लागते, हाताला समजतं" म्हणतो. शूटरसाठी काय बरं?

---

नेरुळची वैमानिक

चौकोनी. शूटरमध्ये खाचेपर्यंत जायचंच नसतं. गेटच्या भिंतीला टेकून खेळणारा प्रत्येक वळणाला जास्तीचं अंतर चालतो. खाच लागायची वाट बघितली की उशीर झालाच. स्विच लागला, तिथूनच परतायचं.

अष्टकोनी गेट लावला म्हणून तिरक्या दिशेचा स्विच लवकर लागत नाही, फक्त पुढे जायची जागा कमी होते. तिरकं म्हणजे दोन स्विच, चौकोनाच्या कोपऱ्यात दोन्ही लागायला भरपूर वाव असतो. अष्टकोनात तोच वाव घटतो आणि घाईत एकच स्विच लागतो. रेडेनमधले रणगाडे नेम धरून वेगवान गोळी मारतात, तिथे तिरकं निसटायचं असतं आणि विमान सरळ आडवं गेलं की संपलं.

तिरक्या दिशेची आणखी एक गंमत. ज्या गेममध्ये आडवा आणि उभा वेग वेगळे जोडलेत, दुरुस्ती केलेली नाही, तिथे तिरकं विमान साधारण १.४ पट वेगानं जातं. अशा गेममध्ये तिरकी टिचकी जास्त लांब पडते, हाताला तेवढं आवरावं लागतं.

---

कोपरीचा कारागीर

ताईंनी नेमकं सांगितलं. मी गेटपेक्षा स्विचवर बोलतो, कारण तिथे माझे हात झिजलेत.

माइक्रोस्विच आणि पत्तीचा स्विच, दोन जाती. माइक्रोस्विच कानाला कळतो, टिक वाजतो. डोळे मिटून दांडा अगदी हळू कलवा, टिक ऐकू येईल. आता तितक्याच हळू परत आणा. परतीचा टिक त्याच जागी वाजत नाही, आणखी अलीकडे, मध्याच्या जवळ वाजतो. दोन टिकांच्या मधल्या जागेत गेमला वाटतं तुम्ही अजून दाबलेलंच आहे. ही मधली जागा जेवढी कमी तेवढी टिचकी नेमकी. स्विच विकत घेताना लोक नुसता आवाज ऐकतात, हे बघत नाहीत.

पत्तीच्या स्विचमध्ये पितळी धातूच्या दोन लवचीक पट्ट्या आणि टोकाला संपर्काचे ठिपके. दांडा एका पट्टीला ढकलतो, ठिपके जुळतात. आवाज नाही, आणि लागणं-सुटणं जवळजवळ एकाच जागी. ऐंशीच्या सुरुवातीच्या बऱ्याच अमेरिकन मशीनवर हेच होते. मोठी सोय म्हणजे चपट्या पकडीनं पट्टी केसभर वाकवली की स्विच कधी लागायचा ते आपल्या हातात. गॅलागासाठी मी ठिपक्यांमधली फट इतकी कमी ठेवायचो की दांडा नुसता झुकला तरी लागावा, आणि मशीनवर बुक्की मारली तरी आपोआप लागू नये. हे दोन्ही जमलं की काम झालं.

पत्तीला आपल्याकडची हवा मानवत नाही. पावसाळ्यात ठिपक्यांवर थर चढतो आणि दिशा मधूनच गायब होते. तेव्हा पॉलिश पेपर अजिबात घासू नका, सोन्याचा मुलामा निघून जाईल. कोरं व्हिजिटिंग कार्ड ठिपक्यांच्या मधे धरायचं, पट्ट्या बोटानं हलक्या दाबायच्या आणि कार्ड ओढून काढायचं. कार्डावर काळी रेघ उमटते, रेघ उमटायची थांबली की स्वच्छ झालं.

---

सुतारपक्षी

मी दिव्याला फर्निचरचं काम करतो, हौसेनं कॅबिनेटही बनवतो. कुणी पॅनेलच्या जाडीबद्दल बोललंच नाही म्हणून लिहितो.

जपानी दांडे पातळ पत्र्याखाली बसवायला बनलेत. आपल्याकडे लोक १८ एमएमच्या प्लायखाली तसेच स्क्रू मारतात. मग दांडा वर जेमतेम गोळ्यापुरता उरतो. बाहेरचा भाग आखूड झाला की तरफ आखूड झाली, तीच स्प्रिंग हाताला दुप्पट कडक वाटायला लागते आणि गोळा नुसता थरथरल्यासारखा हलतो. लोक जॉयस्टिकला दोष देतात.

प्लायला खालून राउटरनं खाच मारा, वर पाचसहा एमएमच ठेवा. नाहीतर पॅनेलच पत्र्याचं करा आणि खाली प्लायची चौकट द्या, क्लबहाउसमध्ये पोरं लोंबकळणार त्या हिशेबानं हेच टिकेल. आणि पॅनेल दोन बिजागऱ्यांवर उघडणारं करा, कारागीर भाऊंना प्रत्येक वेळी मशीन आडवं करायला लावू नका.

---

कळव्याचा बाळ्या

आणि वेग? ग्रेडियसमध्ये मी सुरुवातीलाच चार-पाच स्पीड-अप घेतो, पॅडवर चालतं. पण मित्राच्या स्टिकवर तसं केलं की भिंतीवरच आपटतो.

---

नेरुळची वैमानिक

बाळ्या, ग्रेडियस (१९८५) याच कारणासाठी मला इतका प्रिय आहे. पॉवरच्या पट्टीतलं पहिलंच घर स्पीड-अपचं ठेवलंय. यान किती चपळ हवं ते तूच ठरवायचं, आणि ते ठरतं तुझ्या हातातल्या दांड्यावरून. लांब चालीचा दांडा असेल तर एक-दोनवर थांब. आखूड असेल तर आणखी एक घे. ज्वालामुखीतून दगड उडतात तिथे दोनावर मला बरं जमतं.

केव्ह या कंपनीनं पुढे हाच प्रश्न बटणावर सोडवला. डोडोनपाचीत (१९९७) बटण टिचकावलं की साध्या गोळ्या आणि विमान वेगात, बटण दाबून धरलं की लेझर आणि विमान हळू. गोळ्यांची भिंत आली की लेझर धरायचा, मग तीच टिचकी कमी अंतराची होते आणि फटीत शिरता येतं. विमान दिसायला मोठं असलं तरी लागतो तो पोटातला लहानसा भागच. दांडा तोच, चाल तीच, पण हाताला दोन वेगवेगळे दांडे मिळाल्यासारखं होतं. म्हणून डोडोनपाची जेएलएफवरही छान खेळता येतो. जुन्या रेडेन, १९४२ ला ही सवलत नाही, तिथे दांड्याचीच परीक्षा. चरईकर, दांडा त्या जुन्या गेम्सचा विचार करून निवडा, नवे आपोआप सांभाळले जातील.

---

चरईकर (धागाकर्ता)

ठरलं. दोन एलएस-३२, चौकोनी गेट, पत्र्याचं पॅनेल आणि खाली प्लायची चौकट. दांड्यांमधलं अंतर रोबोट्रॉनच्या हिशेबानं. गॅलागासाठी मात्र मन अजून अडकलंय. फक्त डाव्या-उजव्या बाजूला हलणारा दांडा हवा असं वाटतं, आठ दिशांच्या दांड्यावर हात वर-खाली भरकटतो. काही उपाय?

---

कोपरीचा कारागीर

आहे. दांड्याच्या तळाला ॲक्चुएटरभोवती लांबट खाच असलेली पट्टी बसवायची, दांडा मग आडवाच हलतो. ॲक्रिलिकची कापून देतो, दोन स्क्रूंवर निघेल-बसेल अशी. गॅलागाच्या स्पर्धेला लावा, एरवी काढून ठेवा. फक्त सुतारपक्षींना सांगा, पॅनेलला भोकं पाडायच्या आधी मला माप घेऊ द्या. स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की पाच मिनिटांवर आहे, रविवारी सकाळी पत्रा घेऊन या.

---

नेरुळची वैमानिक

रविवारी मीही ट्रान्स-हार्बरनं येते. माझी एलएस-३२ आणि एक जेएलएफ दोन्ही आणते. स्वस्तातली लावा म्हणणाऱ्या त्या दोघांनाही घेऊन या, रेडेनचा पहिला टप्पा दोन्हींवर खेळू द्या.

---

सुतारपक्षी

मी दहापर्यंत पोचतो. पत्रा दीड एमएमच्या खालचा आणू नका, दाबला जातो.